पिस्तुलाची वॉरंटी कपाटातच संपते

ऐरोलीच्या एका गृहस्थांनी विचारलंय. पेट्रोल पंपाचा धंदा, रात्रीची रोकड, म्हणून स्वसंरक्षणाचा परवाना. दीड वर्षापूर्वी त्यांनी ३२ बोअरचं देशी बनावटीचं नवं पिस्तूल घेतलं. वर्षभर ते तिजोरीत होतं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर नेलं तर पंचवीस फैरींत चार वेळा रिकामं काडतूस स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात, उभंच अडकलं. दुकानदार म्हणतो कंपनीला लिहा. कंपनीने दोन पत्रांना मिळून एक ओळ पाठवली, ‘शस्त्र तपासणीसाठी पाठवावे’. कसं पाठवायचं ते नाही. आणि तिकडे टेक्सासमधल्या मेव्हण्याचं पिस्तूल बिघडलं तर कंपनीने तीन आठवड्यांत फुकट दुरुस्त करून घरपोच दिलं. ‘आपल्याकडे असं का नाही, आणि मी आता नेमकं काय करू?’

मी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. निवृत्तीनंतर गेली एकवीस वर्षं ठाण्यात, परवाना असलेल्या एका दुकानाच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीच करतो. तुमचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा, पण पहिल्याचं उत्तर आधी दिलं नाही तर दुसऱ्याचं पटणार नाही.

मेव्हण्याचं खरं आहे, त्यात फुगवून सांगितलेलं काही नाही. अमेरिकेत १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार मालकाला आपलं पिस्तूल दुरुस्तीसाठी थेट कंपनीकडे पाठवता येतं आणि कंपनी ते थेट मालकाच्या पत्त्यावर परत करू शकते, मध्ये दुकानदार लागत नाही. त्यामुळे कंपनीला सेवा विभाग चालवणं सोपं जातं. फोन आला की लेबल पाठवायचं, खोका आला की उघडायचं. स्मिथ अँड वेसन या तिथल्या कंपनीने १ फेब्रुवारी १९८९पासून विकलेल्या हँडगन्सना पहिल्या मालकासाठी आजन्म सेवेचं धोरण लावलं. लेखी वॉरंटी मात्र एक वर्षाचीच. रुगर या दुसऱ्या कंपनीची गंमत तर याहून मोठी. त्यांच्या पिस्तुलाबरोबर वॉरंटी कार्ड येतच नाही, आणि का येत नाही हे त्यांनी पुस्तिकेतच छापलेलं असतं. १९७५च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने लेखी वॉरंटी देणाऱ्यांवर जी बंधनं आली, ती नकोत म्हणून त्यांनी लिहून देणंच बंद केलं. पण दुरुस्तीसाठी याच कंपनीचं नाव तिथले लोक आदराने घेतात. १९५३ ते १९७२ या काळातली त्यांची जुनी सिंगल ॲक्शन, म्हणजे दर फैरीआधी घोडा (हॅमर) हाताने ओढावा लागणारी, रिव्हॉल्व्हरं त्या घोड्यावर आपटली तर आपोआप गोळी सुटू शकत होती. कंपनीने त्यावर बदलीचे सुटे भाग काढले, ते कारखान्यात फुकट बसवून देते, आणि जुने काढलेले भागही मालकाला परत करते, कारण संग्राहकाला ते हवे असतात. पन्नास-सत्तर वर्षांपूर्वीच्या शस्त्रासाठी! तेव्हा कार्डावर काय छापलंय आणि कंपनी खरंच काय करते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे दोन्ही देशांत लागू.

पण खरा फरक मला वेगळाच दिसतो. तुमचा मेव्हणा पिस्तूल घेतल्याच्या पहिल्या महिन्यात दोनेकशे फैरी झाडून मोकळा झाला असणार. जे काही चुकलेलं होतं ते तेव्हाच बाहेर आलं. आपल्याकडे काय होतं? परवान्यासाठी दोन-तीन वर्षं हेलपाटे. मग पैसे भरून शस्त्र ताब्यात. पोलीस ठाण्यात दाखवून नोंद. दसऱ्याला झेंडूची फुलं वाहून पूजा, आणि मग कपाट. वॉरंटीची मुदत त्या कपाटात, मखमलीच्या डबीत, शांतपणे संपते. माझ्याकडे येणाऱ्या ‘नव्या’ पिस्तुलांपैकी अशी कितीतरी असतात की ज्यांनी मुदत संपेपर्यंत दहा फैरीही पाहिलेल्या नसतात. मग कंपनी म्हणते मुदत संपली, मालक म्हणतो मी वापरलंच नाही. दोघंही खरं बोलत असतात.

तुमची केस नेमकी हीच आहे. दीड वर्ष म्हटल्यावर कार्डावरची मुदत उलटली असण्याची शक्यता मोठी. तरी कार्ड शोधून वाचा. काही ठिकाणी मुदत विक्रीच्या तारखेपासून मोजतात, काही ठिकाणी कारखान्यातून निघाल्यापासून. आणि कार्डावर दुकानदाराचा शिक्का नसेल तर आधी तो मारून घ्या, बिलावरच्या तारखेचाच.

आता पिस्तुलाकडे वळू. रिकामं काडतूस बाहेर फेकलं न जाता अडकणं आणि नवं काडतूस आत न चढणं, हे दोन निरनिराळे आजार आहेत आणि कंपनीला लिहिताना लोक दोन्हीला ‘जाम’ म्हणून मोकळे होतात. डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ म्हणण्यासारखं. तुमच्या पिस्तुलाचं ३२ एसीपी हे काडतूस जॉन ब्राउनिंगने १८९९च्या सुमारास आणलं, त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि पुढे सरकतच नाहीत. तो चढण्याचा बिघाड, त्यात पिस्तुलाचा दोष नसतो, भरणाऱ्याच्या हाताचा असतो. तुमचं तसं नाही. तुमच्याकडे स्लाइड मागे पुरती जात नाही, किंवा काडतूस ओढणारा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, त्याला नीट धरत नाही.

स्लाइड मागे पुरती न जाण्याची कारणं मी अनुभवाने या क्रमाने तपासतो. पहिलं, तेल. कारखान्यातून येताना शस्त्राला जे चोपडलेलं असतं ते गंज रोखण्यासाठी असतं, वंगण म्हणून नव्हे. ते पुसून, साफ करून, मग हलकं तेल द्यायचं असतं. हे कोणी सांगत नाही. वर्षभर तिजोरीत राहिलं की त्याची खळ होते. एका माणसाने तर रिव्हॉल्व्हरला खोबरेल लावलं होतं, घरात होतं म्हणून. डिसेंबरात ठाण्यात पहाटे पारा उतरला आणि खोबरेल गोठलं. घोडा असा सावकाश पडायचा की जणू झोपेतून उठतोय. ते त्यांनी कंपनीला ‘उत्पादनातील दोष’ म्हणून कळवलं होतं. पत्र मी वाचलंय.

दुसरं, काडतुसं. तुमची काडतुसं किती जुनी आहेत? बुडावर छाप बघा. ‘केएफ’ असेल तर ती पुण्याच्या खडकीच्या कारखान्यातली. १८६९ सालचा कारखाना, आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या दारूगोळा कारखान्यांपैकी एक. काडतूस चांगलं असूनही आधीच्या मालकाने किंवा दुकानाने दमट जागी ठेवलं असेल तर जोर कमी पडतो. बहुतेकांनी परवाना मिळाला तेव्हा घेतलेला एकच डबा वर्षानुवर्षं पुरवलेला असतो. पुढच्या वेळी नव्या डब्यातली काडतुसं न्या आणि डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा. तिसरं, तुमचं मनगट. राग मानू नका. हलकं पिस्तूल ढिल्या मनगटाने धरलं तर धक्क्याचा जोर हातातच जिरतो आणि स्लाइड अर्ध्यातून परतते. रेंजवरच्या एखाद्या जुन्या नेमबाजाच्या हातात तेच पिस्तूल, तीच काडतुसं देऊन पाच फैरी झाडायला सांगा, रेंजच्या नियमात बसत असेल तर. त्यांच्या हातात अडकलं नाही तर उत्तर मिळालं. चौथ्यावर मग एक्स्ट्रॅक्टर, त्याची स्प्रिंग, चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या भागातला, खरबरीतपणा. हे खरं कंपनीचं काम, आणि यासाठीच तुम्हाला तिच्याशी भांडायचंय. पण आधीचे तीन मुद्दे तपासून खोडून ठेवलेत तर भांडण सोपं जातं.

रिव्हॉल्व्हरवाल्यांसाठी जाताजाता. सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, फिरत नाही, बंद होत नाही, म्हणून माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच जणांना मी टूथब्रशने बरं करून पाठवतो. रिकामी काडतुसं काढताना न जळलेल्या दारूचे कण एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली, म्हणजे सिलिंडरमागच्या चांदणीच्या आकाराच्या तुकड्याखाली, जाऊन बसतात. तेवढ्याशा कणाने सिलिंडर मागून टेकतो आणि घासतो. नळी वरच्या दिशेला करून काडतुसं काढली की कण खाली पडतात. बस्स. यासाठी कानपूरचा कारखाना गाठायची गरज नाही.

आता पाठवण्याचं. ‘शस्त्र पाठवावे’ एवढं लिहून कंपनी मोकळी झाली, पण आपल्या कायद्यात शस्त्र पाठवणं म्हणजे पुस्तक पाठवणं नव्हे. कुरिअरवाल्याच्या पिशवीत टाकलंत तर बिघडलेलं पिस्तूल राहील बाजूला, परवान्यावर गदा येईल. तुमच्या परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते बघा. फक्त महाराष्ट्र असेल तर स्वतः घेऊन उत्तर प्रदेशातल्या वा बंगालातल्या कारखान्यात जाणं म्हणजे परवान्याच्या हद्दीबाहेर शस्त्र नेणं, त्याला वेगळी परवानगी हवी. अखिल भारतीय असेल तरी रिकामं, कुलूपबंद पेटीत, मूळ परवाना सोबत, काडतुसं न घेता. आणि रेल्वेने एवढा प्रवास करून गेटवर ‘साहेब आज रजेवर आहेत’ ऐकायची तयारी ठेवून. मी हे दोनदा केलंय, गिऱ्हाइकांसाठी, अधिकारपत्र घेऊन. तिसऱ्यांदा करणार नाही.

धोपटमार्ग दुकानदाराचा. ज्याच्याकडून घेतलंत त्याच्याकडे विक्रीचा आणि दुरुस्तीचा परवाना असेल तर शस्त्र त्याच्या ताब्यात द्या. तो रजिस्टरला नोंद करेल, शस्त्राचा क्रमांक घालून पावती देईल आणि त्याच्या परवान्याच्या मार्गाने कारखान्याकडे नेईल. दुकानदार टाळाटाळ करतात, कारण यात त्यांना पैसा नाही आणि कागद भरपूर. म्हणून तोंडी नाही, लेखी द्या: अमुक तारखेच्या बिलाने अमुक क्रमांकाचं शस्त्र तुमच्याकडून घेतलं, त्यात असा दोष आहे, उत्पादकाकडे तपासणीसाठी पाठवून द्यावं. त्याची पोच घ्या. दुकानदार पोच द्यायला नको म्हणाला तर स्पीड पोस्टाने पाठवा. बहुधा पत्र पोचायच्या आधी फोन येतो.

ही पावती सोन्यासारखी जपा. शस्त्र कारखान्यात असताना परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख आली तर पोलीस ठाण्यातून विचारणा होणार, शस्त्र कुठे आहे? शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झालाय, त्यामुळे ही वेळ कमी येते, पण येते तेव्हा पावतीशिवाय दुसरं उत्तर नसतं. ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगरचे परवाने ठाणे पोलीस आयुक्तांकडे. तुमचं ऐरोली नवी मुंबई आयुक्तालयात. तिथल्या परवाना शाखेला एक साधं पत्र देऊन ठेवलं की शस्त्र दुरुस्तीसाठी अमुक दुकानात दिलं आहे, तर पुढे शंभर प्रश्न वाचतात. आणि समजा कारखान्याने दुरुस्तीऐवजी पिस्तूलच बदलून दिलं, तर नवा क्रमांक परवान्यावर चढल्याशिवाय ते घरी आणायचं नाही. एका वकिलांनी, हो वकिलांनीच, असं बदललेलं पिस्तूल चार महिने जुन्या क्रमांकाच्या परवान्यावर वापरलं होतं. मी पाहिलं तेव्हा मलाच घाम फुटला.

पत्ताही तपासा. १ ऑक्टोबर २०२१ला सरकारी शस्त्र कारखाने चालवणारं जुनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरी आणि फील्ड गन फॅक्टरी, बंगालातली ईशापूरची रायफल फॅक्टरी, या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे गेल्या, मुख्यालय कानपूर. काडतुसांचं काम म्युनिशन्स इंडियाकडे, मुख्यालय पुणे. म्हणजे पिस्तुलाची तक्रार एका कंपनीकडे आणि काडतुसाची दुसरीकडे. २०२१च्या आधीच्या कार्डावर कोलकात्याच्या बोर्डाचा पत्ता असेल तर तिकडे लिहून काय उपयोग? शिवाय आता खासगी कारखानेही आहेत. तुमचं कुठलं ते मी इथे लिहीत नाही, बिलावर बनवणाऱ्याचं पूर्ण नाव असेल, तेच धरा.

आणि कृपा करून अंबरनाथला जाऊ नका. दर वर्षी कोणीतरी मला सांगतो, ‘अहो, आपल्या अंबरनाथलाच ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, तिथे माझ्या साडूचा मित्र आहे, दाखवून आणतो.’ अंबरनाथची फॅक्टरी धातूची. पितळ, ॲल्युमिनियम, काडतुसांची कवचं हे तिचं काम. पिस्तूल घेऊन तिच्या गेटवर उभे राहिलात तर सुरक्षा रक्षकाशी तुमची चांगली ओळख होईल, एवढंच.

त्याच भावनेतून दुसरी चूक होते आणि ती फार महाग पडते. वागळे इस्टेटमध्ये, तुमच्या रबाळे एमआयडीसीत, लेथवर असे कारागीर आहेत की केसाएवढा फरक बोटाने सांगतील. मोह होतो. ‘एक छोटी पिन वळवून दे रे.’ शस्त्र कायदा १९५९चं कलम ५ वाचा. बनवणं, विकणं यांच्या बरोबरीने ‘दुरुस्त करणं’ हा शब्द तिथे आहे. परवान्याशिवाय हा धंदा केला तर २०१९नंतर शिक्षा किमान सात वर्षं. बिचारा तो लेथवाला तुमच्या दोनशे रुपयांसाठी आत जाईल. तसंच मेव्हण्याला सांगू नका की येताना एक स्प्रिंग नाहीतर जादा मॅगझिन घेऊन ये. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच, आणि आयातीला वेगळा परवाना. सहार विमानतळावर कस्टमवाल्यांना ‘फक्त मॅगझिन आहे हो’ सांगून बघायची हौस कोणाला असेल तर त्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर भागवावी.

जुन्या विलायती शस्त्रांबद्दल कोणीतरी विचारेलच. सामान्य परवानाधारकाला परदेशी पिस्तूल आयात करणं १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे बाजारात फिरणारी वेब्ली, कोल्ट, वाल्थर ही बहुतेक आजोबांच्या काळातली, आणि किंमत सोन्यासारखी. त्यांना वॉरंटी वगैरे काही नाही. विकणारा ‘कंपनी आजन्म गॅरंटी देते’ म्हणाला तर त्याला विचारा, कंपनी कुठल्या देशात आहे आणि शस्त्र तिथे नेण्याचा निर्यात परवाना आणि परत आणण्याचा आयात परवाना तोच काढून देणार का?

कंपनीला लिहायचं पत्र कसं असावं, यावर मी जरा जास्त वेळ घालवतो, कारण एका ओळीचं उत्तर यायला बऱ्याचदा आपलंच दोन ओळींचं पत्र कारण असतं. ‘पिस्तूल वारंवार जाम होते, कृपया लक्ष द्यावे.’ यावर कोणी काय करणार? तुम्ही असं लिहा: शस्त्राचा प्रकार, बोअर, क्रमांक, बिलाचा क्रमांक आणि तारीख. आजवर एकूण किती फैरी झाडल्या. कोणत्या तारखेला, कोणत्या रेंजवर, पंचवीसपैकी कोणकोणत्या फैरीला अडकलं: सातवी, आठवी, पंधरावी, बाविसावी, असं. कोणत्या मॅगझिनमध्ये. काडतुसांचा छाप आणि लॉट. झाडण्यापूर्वी साफ केलं होतं की नाही. अडकलेल्या स्थितीचा फोटो. नळी सुरक्षित दिशेला, चापावर बोट नाही, आणि रेंज अधिकाऱ्याच्या परवानगीनेच. रिकाम्या केसेसचे बुडाकडून फोटो, कारण एक्स्ट्रॅक्टरने कड कुरतडली असेल तर ते तिथे दिसतं, आणि फायरिंग पिनचा ठसा मध्यावर आहे की बाजूला हेही. माझ्या एका गिऱ्हाइकाने, मुंब्र्याचे मास्तर होते, हे सगळं शाळेच्या चौकटीच्या वहीत तक्ता करून पाठवलं. त्याच कारखान्याकडून, ज्याच्याबद्दल बाकीचे रडतात, त्यांना पंधरा दिवसांत माणसाचा फोन आला, पुढे एक्स्ट्रॅक्टर बदलून मिळाला. मुदत संपून दोन महिने झाले होते. बघा, तिथेही कोणीतरी आर्मररच बसलेला असतो. त्याला नीट आजार सांगितला की त्यालाही हुरूप येतो.

शस्त्राचा क्रमांक, परवान्याचा फोटो आणि घराचा पत्ता मात्र व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘कोणाला अनुभव आहे का’ म्हणून टाकू नका. तुमच्या घरात पिस्तूल आहे आणि ते चालत नाही, या दोन गोष्टी एकत्र जगाला कळवायच्या कशाला?

तरीही दाद लागली नाही तर? उत्पादक सरकारी कंपनी असेल तर माहितीच्या अधिकारात विचारा, माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली. दहा रुपयांत फाइल टेबलावर येते. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि शेवटचा रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली. तुम्ही राहता किंवा कामधंदा करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी कानपूरची असो नाहीतर आणखी कुठली, तुम्हाला ठाणे जिल्ह्यातच दाद मागता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. एक गोम आहे. बिल तुमच्या वैयक्तिक नावावर आहे की पंपाच्या फर्मच्या? फर्मच्या नावाने असेल तर ‘व्यापारी हेतू’ म्हणून हरकत घेतली जाऊ शकते, वकिलाला आधी तेवढं दाखवा. आयोगातही तुमच्या वहीतला तक्ताच बोलेल. ‘मी ते वापरलंच नव्हतं’ हे तुमच्या बाजूने कितपत जाईल याची मला शंका आहे.

पावसाळ्याचं लिहिलं नाही तर ठाण्याच्या माणसाने काहीच लिहिलं नाही असं होईल. ऐरोलीला तर दारातच खाडी, हवेतच मीठ. सगळ्यात जास्त शस्त्रं मी गंजलेली बघतो ती भारीतल्या चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलेली. चामडं ओल धरून ठेवतं, आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात. होल्स्टर कमरेला लावायला, ठेवायला नव्हे. कोरड्या सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, जूनपासून दर पंधरवड्याला हाताळा, पुसा. फौजेत आम्ही पुलथ्रू आणि चिंदी म्हणायचो, दोरीला कापडाचा तुकडा लावून नळीतून ओढायचा. पाच मिनिटांचं काम. गंजाला कुठलीच कंपनी वॉरंटीत धरत नाही, आणि त्यात तिचं चुकतं असं मला वाटत नाही.

निवडणुकीत शस्त्र जमा करावं लागलं तर तेच. २०२४मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या, कित्येकांची शस्त्रं दोनदा जमा झाली. देण्यापूर्वी नळीसकट तेलाचा जाड हात, फोटो, पावतीवर स्थितीचा शेरा. परत घेताना तिथेच बघून घ्या, आणि नळी पुसल्याशिवाय फैर झाडू नका. नळीत ग्रीसचा गोळा ठेवून झाडलेलं एक रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आलंय. मधोमध फुगलेली नळी, जणू अजगराने उंदीर गिळलाय. त्याची दुरुस्ती नाही.

आता तुमच्यासाठी नेमकं. येत्या आठवड्यात पिस्तूल रिकामं करून, पुस्तिकेत दिलंय तेवढंच खोलून, कारखान्याचं चोपडलेलं सगळं काढा. स्लाइडच्या खाचांना प्रत्येकी एक थेंब हलकं तेल, त्याहून जास्त नको. दोन मॅगझिन असतील तर खाली मार्करने १ आणि २ घाला. नव्या डब्यातली काडतुसं न्या, पंचवीस पहिल्या मॅगझिनने, पंचवीस दुसऱ्याने, आणि प्रत्येक फैरीला वहीत टिंब नाहीतर फुली. कंपनीचं पुढचं पत्र त्यानंतर. आधी नको. फुल्या एकाच मॅगझिनमध्ये आल्या तर मला कळवा, मग पिस्तूल कुठे पाठवायचंच नाही, मॅगझिनच्या ओठांकडे, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांकडे, बघू. वर्कशॉपला आणणार असाल तर मूळ परवाना आणि बिल आणा, काडतुसं घरी ठेवा. ऐरोली पुलावरून आलात तर मुलुंडच्या गर्दीत अडकाल, दिघा-कळवा रस्त्याने या. बरोबर एकच गोष्ट जास्तीची आणा, ती वही.